डागाला जोडीदार

मास्तरांनी कुंडी सरकवली आणि ते जागीच थबकले. कालच रंगवून झालेल्या पांढऱ्याशुभ्र भिंतीवर बशीएवढा तपकिरी डाग होता.

मास्तर म्हणजे शाळेत जन्मभर चित्रकला शिकवून निवृत्त झालेले गृहस्थ. शाळेच्या भिंती हातून गेल्यावर त्यांनी घर धरलं होतं. पडदे, उशांचे अभ्रे, फ्रिजचं दार, पंख्याची पाती, सगळीकडे त्यांची नक्षी. पंखा सुरू झाला की पाहुण्यांना गरगरायचं. बायकोने कधी तक्रार केली नव्हती. यंदा मात्र तिने एक गोष्ट मागून घेतली होती.

"मला बैठकीत एक कोरी भिंत हवी. पांढरी. तिच्याकडे बघत मला नुसतं बसायचंय. तिला बोट लावलंत तर माझ्याशी गाठ आहे!"

मास्तरांनी शब्द दिला होता. आणि आता हा डाग. सकाळी त्यांनी तपकिरी शाईचं पेन झटकलं होतं खरं. कुठल्या दिशेला, ते आठवेना; पण या घरात डाग पाडणारा दुसरा होता कोण? बायको बाजारात गेली होती. ती यायच्या आत काहीतरी करणं भाग होतं.

त्यांनी ओल्या फडक्याने डाग पुसला. बशीची ताटली झाली. मग ते दोन पावलं मागे सरकले, डोळे किलकिले केले, आणि तिथेच घात झाला. कारण डोळे किलकिले केले की त्यांच्यातला नवरा झोपायचा आणि शिक्षक जागा व्हायचा.

"डाग वाईट नाही," ते पुटपुटले. "बिचारा एकटा पडलाय."

त्यांनी कपाटातून रंग काढले आणि भिंतीच्या दुसऱ्या अंगाला तसाच एक डाग काढला. आता ते दोन डोळे वाटू लागले. भिंत त्यांच्याकडे बघत होती, आणि बघण्याची तऱ्हा थेट बायकोची होती. घाबरून त्यांनी मध्ये तिसरा काढला, मग टोकापर्यंत रांगच लावली. एकच आकार पुन्हा पुन्हा आला की लय हवी, म्हणून खालून नागमोडी रेषा फिरली. वळणांना विरोध हवा, म्हणून वर टोकदार त्रिकोण आले. मास्तर शीळ घालू लागले.

मग त्यांचं लक्ष दाराकडे गेलं. दार भिंतीच्या उजव्या टोकाला होतं. डावीकडे काहीच नाही! वर्गात कोणी असा कागद आणला असता तर त्यांनी परत पाठवला असता. त्यांनी डावीकडे हुबेहूब दुसरं दार रंगवलं. कडी, कुलपाचं भोक, खाली पायपुसणंसुद्धा. तरी तोल साधेना, कारण खोट्या दाराशेजारी कपाट होतं आणि खऱ्या दाराशेजारी नुसती हवा. ते कपाट ढकलू लागले. त्या आवाजाने शेजारचे वकीलसाहेब कोर्टाच्या वेशातच धावत आले.

"मास्तर, काय चाललंय? घर पाडताय का?"

"थांबा! हलू नका!" मास्तर ओरडले. "काळा कोट! नेमका हाच गडदपणा उजवीकडे कमी पडत होता."

"अहो, मला निघायचंय—"

"जरा वेळ कपाट व्हा हो. शेजारधर्म म्हणून. आणि ती बॅग डोक्यावर धरा, कपाटावर ट्रंक आहे."

वकीलसाहेब बोलण्यात कोणाला हार जात नसत, पण इतक्या वर्षांत त्यांना कपाट व्हायला कोणी सांगितलं नव्हतं. उलट काय बोलायचं ते सुचेपर्यंत बॅग डोक्यावर गेली होती.

तेवढ्यात बायको आली. खऱ्या दारात, हातात भला मोठा डबा घेऊन. तिने भिंत बघितली. वकीलसाहेब बघितले. मग तिने डबा सावकाश खाली ठेवला.

"वहिनी, मी निघतोच," वकीलसाहेब म्हणाले. खऱ्या दारात वहिनी उभ्या. म्हणून ते गर्रकन वळले, दुसऱ्या दाराकडे झपाझप गेले आणि भिंतीवर कपाळ आपटून घेतलं. डाव्या बाजूला टरटरून टेंगूळ आलं. मास्तरांनी डोळे किलकिले करून त्यांच्या कपाळाच्या उजव्या बाजूकडे बघितलं मात्र, वकीलसाहेब वहिनींच्या बाजूने अंग चोरून पसार झाले.

"अगं, ऐक," मास्तर रडवेले झाले. "माझ्या पेनाची शाई उडाली. तुझी भिंत खराब झाली म्हणून मी..."

"शाई कसली? चहा होता तो," बायको म्हणाली. "सकाळी माझ्याच हातून उडाला. तुम्ही बघितलंत तर नक्षी काढायला बसाल म्हणून कुंडी पुढे ठेवली आणि रंग आणायला पळाले. लहान डबा नव्हता, मोठा आणला."

मास्तर मटकन खाली बसले. तिची एवढीशी इच्छा, आणि आपण ती धड एक दिवसही टिकू दिली नाही, याचं त्यांना खरोखर वाईट वाटलं.

बायकोने डबा उघडला, ब्रश बुडवला आणि पहिल्या डागावर एक पांढरा चौकोन ओढला.

"कसा वाटतो?"

मास्तरांना राहवेना. "एकटा पडलाय," ते खालमानेने म्हणाले.

"मग?"

"समोर एक हवा."

तिने समोर एक काढला. "आता?"

"मध्ये... एक."

"आणि लय नको का?"

"हवी ना!" मास्तर उठले. दुसरा ब्रश त्यांनी आपणहून घेतला. चौकोनाला चौकोन भिडत गेले, नागमोडी रेषा गेली, त्रिकोण गेले, खोटं दार पायपुसण्यासकट गेलं. शेवटचा चौकोन भरून मास्तर मागे सरकले आणि चमकले. भिंत कोरी होती.

बायकोने चहा केला आणि ती सोफ्याच्या एका टोकाला भिंतीकडे बघत बसली. मास्तर आपला कप घेऊन गुपचूप दुसऱ्या टोकाला बसले.

"इतक्या लांब का?"

"तोल," मास्तर म्हणाले.

"इकडे या."

मास्तर सरकत सरकत तिला चिकटून बसले. सोफ्याचं सगळं वजन एका बाजूला आलं, दुसरी बाजू रिकामी राहिली. त्यांना ते दिसत होतं. पण त्यांनी डोळे किलकिले केले नाहीत.