सहमतीची पाटी आणि पाडसाचा पाय

एका जंगलात एक वैद्यकीय महाविद्यालय होतं. हसू नका मुलांनो. जंगलातल्यांना आजार होत नाहीत असं तुम्हाला कुणी सांगितलं?

तिथे पूर्वी साळूबाई नावाची म्हातारी साळिंदर शिकवायची. तिची शिकवण साधी होती. आधी रुग्णाला हात लावा, जीभ बघा, मग बोला. विद्यार्थी हात लावायचे, जीभ बघायचे आणि मग कडाकडा भांडायचे. एकदा पोट बिघडलेल्या रानडुकराला सहा विद्यार्थ्यांनी सहा काढे सांगितले. डुक्कर भिडस्त होतं, ते सहाही प्यायलं. पोट दोन दिवसांत बरं झालं. काढे उतरायला महिना लागला.

हे काही बरं नाही, असं सिंहमहाराजांना वाटलं. त्यांचं चुकलं नव्हतं, उगाच नावं ठेवू नका. वैद्यांनी एकत्र बसून निर्णय घ्यावा, असा त्यांनी हुकूम काढला. तो कसा घ्यायचा हे शिकवायला दूरदेशी शिकून आलेला बगळा नेमला आणि साळूबाईला ग्रंथालयात बसवलं.

बगळेसर दिवसभर एका पायावर उभे राहून शिकवत. दुसरा पाय कायम पोटाशी घेतलेला. त्यामुळे ते फार विद्वान वाटत. त्यांनी येताना एक काचेची पाटी आणली होती. तिचं नाव सहमती. रुग्ण आला की तिच्यावर आपोआप चार उपचार उमटत. प्रत्येकाने त्यातल्या एकाला बोट लावायचं. ज्याला बोट नाही त्याने खूर किंवा चोच. सगळ्यांचं जुळलं की हिरवा दिवा लागे आणि पाटीतून सनई वाजे. एक जरी वेगळा निघाला तर लाल दिवा लागे, रुग्ण घरी जाई आणि अख्ख्या गटाचे गुण कापले जात.

आणखी एक नियम होता. हिरवा दिवा लागेपर्यंत रुग्णाला कुणी हात लावायचा नाही. हात लावला की मत बनतं, आणि मत बनलं की एकमत होत नाही, असं बगळेसरांचं म्हणणं होतं.

विद्यार्थी हुशार होते. ते लवकरच शिकले की पहिलं बोट आपण लावायचं नाही.

वार्षिक परीक्षेच्या दिवशी हरिणी तिच्या पाडसाला घेऊन आली. पाडस तीन पायांवर लंगडत होतं. पुढचा उजवा पाय भोपळ्यासारखा सुजला होता. चार दिवस ते कळपाच्या मागे पडत होतं. मागे पडलेल्या पाडसाचं जंगलात काय होतं, हे हरिणीला कुणी शिकवायची गरज नव्हती.

"ह्याला चालतं करा, बाकी काही नको," ती म्हणाली.

परीक्षेच्या गटात चौघे होते. मोर, कोल्हीण, रानगवा आणि मुंगूस. तिघे पाटीकडे बघू लागले. पाडसाकडे एकटं मुंगूस बघत होतं. त्यात त्याचं कौतुक नाही. ते बुटकं होतं, त्याला पाटी दिसतच नव्हती. त्याच्या डोळ्यांसमोर पाडसाचा खूर होता आणि खुराच्या बेचक्यात बाभळीच्या काट्याचं काळं टोक दिसत होतं.

"सर, काटा रुतलाय," मुंगूस म्हणालं.

"पाटीवर तो पर्याय आहे का?" बगळेसरांनी शांतपणे विचारलं.

नव्हता. पाटीवर होतं: पाला बांधावा, लंघन घालावं, पाय कापावा, मोठ्या वैद्यांकडे पाठवावं.

पहिलं बोट कुणीच लावेना. ऊन डोक्यावर आलं. पाडस कण्हत होतं. शेवटी कंटाळून मोराने अंग वळवलं, त्याचं पीस गव्याच्या नाकात गेलं आणि गवा असा शिंकला की त्याचं नाक पाटीवर आपटलं. 'पाय कापावा' याला एक मत पडलं.

हे चुकून झालं, असं गवा सांगणार होता. पण त्याला बोलायला वेळ लागतो. तेवढ्यात मोराच्या मनात आलं, हा वर्षभर तोंड उघडत नाही, आज ठामपणे काही म्हणतोय म्हणजे खोल विचार केला असणार. त्याने चोच टेकवली. दोन मतं पडल्यावर कशाला वाद घाला, म्हणून कोल्हिणीनेही पंजा टेकवला. ते बघून गव्यालाच वाटू लागलं की आपलं बरोबर असावं.

बगळेसर आधुनिक होते. रुग्णाच्या घरच्यांनाही ते मत देऊ देत. पाटी हरिणीपुढे आली. तिने पाडसाच्या पायाकडे पाहिलं, मग त्या तिघांकडे पाहिलं.

"एवढी शिकलेली मंडळी म्हणतायत," असं पुटपुटून तिने खूर टेकवला. मुलांनो, मला तिचा राग येत नाही. मला रडू येतं.

राहिलं मुंगूस. त्याने विचार केला. नाही म्हटलं तर लाल दिवा लागणार, पाडस काट्यासकट घरी जाणार आणि तीन पायांवर फार दिवस काढणार नाही. हो म्हटलं तर हिरवा दिवा लागणार, आणि मग निदान हात तरी लावता येणार. ते चवड्यांवर उभं राहिलं आणि त्याने 'पाय कापावा' याला बोट लावलं.

सनई वाजली. सगळ्यांनी एकमेकांचं अभिनंदन केलं. बगळेसरांचे डोळे भरून आले. शस्त्रक्रिया विभागाच्या सुतारपक्ष्याला निरोप गेला. त्या गडबडीत मुंगूस वाकलं, त्याने दातांत टोक धरलं आणि काटा ओढून काढला. पाडस एकदा किंचाळलं. मग त्याने पाय जमिनीला टेकवून पाहिला. सुतारपक्षी चोच पाजळत आला तेव्हा मायलेकरं झुडपांपलीकडे गेली होती. एकूण आठ पायांवर.

पण पाटीला अहवाल लागतो. उपचार कुणी केला, असं तिने विचारलं. पर्याय दोनच होते: 'मी' आणि 'आम्ही सर्वांनी'. मोर, कोल्हीण आणि गवा यांनी क्षणाचाही विलंब न लावता 'आम्ही सर्वांनी' निवडलं. मुंगसाने एकदा खोटं बोलून झालं होतं. दुसऱ्यांदा त्याच्याने होईना. त्याने 'मी' निवडलं.

लाल दिवा लागला.

निकाल असा लागला. पाय कापायचं ठरवल्याबद्दल मुंगसाला पैकीच्या पैकी गुण. काटा काढल्याबद्दल नापास. शेरा: गटात मिसळत नाही. बाकीच्या तिघांचे गुण कापले गेले, पण त्यांना सहानुभूती म्हणून परत देण्यात आले. त्यावर मात्र लगेच एकमत झालं.

हल्ली मुंगूस ग्रंथालयामागच्या बोरीखाली बसतं. साळूबाई शेजारी बसून त्याला भांडायला शिकवते. लंगडणारे बरेच येतात.

एका संध्याकाळी बगळेसर आले. इकडेतिकडे बघत त्यांनी पोटाशी घेतलेला पाय हळूच खाली सोडला. तळव्यात जुना काटा होता, भोवती घट्टा पडलेला.

"किती वर्षं झाली सर?" मुंगसाने विचारलं.

"कुणाला सांगू नकोस," बगळेसर म्हणाले, "ह्यावर आमच्या मंडळाचं अजून एकमत व्हायचंय."

तात्पर्य: काटा दिसला तर मुलांनो, आधी सर्वांबरोबर पाय कापायला हो म्हणावं. मग गुपचूप काटा काढावा. आणि विचारलं तर तो सर्वांनी मिळून काढला असं सांगावं. मुंगसाला पहिल्या दोन गोष्टी जमल्या. तिसरी जमली असती, तर आज तेही कुठेतरी एका पायावर उभं राहून शिकवत असतं.