साडेसातच्या मालिकेचे आमच्या इमारतीवरील उपकार

ज्या घरात सासू-सुनेचं पटतं, त्या घरात काहीतरी दडवलेलं असतं, हे आता सर्वमान्य झालं आहे. बदलापूर पूर्वेला, कात्रपमधल्या आमच्या सोसायटीत बेचाळीस फ्लॅट आहेत. पैकी एकेचाळीस घरांत संध्याकाळी साडेसातची मालिका लागते. (बेचाळिसावं घर भिमाबाईंचं. त्या निवृत्त शिक्षिका. त्यांची टीव्हीची डिश माकडांनी वाकवली आणि त्यांनी ती तशीच ठेवली. सोसायटीचा सचिव या नात्याने मी त्यांना दोनदा समज दिली होती.)

दुसऱ्या मजल्यावरचं विष्णुपंतांचं कुटुंब मात्र सोसायटीच्या प्रगतीत मागे पडलं होतं. विष्णुपंत अंबरनाथच्या कारखान्यातून अधिकारी म्हणून निवृत्त झालेले. पत्नी शालनताई, मुलगा वरद, सून नीलिमा. मालिका तेही पाहत, पण नुसती पाहत. अकरा वर्षांत सासू-सुनेचं एकही भांडण नोंदवलं गेलं नव्हतं. नीलिमा रोज सकाळी प्रेशरची गोळी शालनताईंच्या हातावर ठेवायची आणि मग उल्हासनगरला कामावर जायची. इतकं सपक जगणं बाकीची चाळीस घरं किती दिवस सहन करणार?

शेवटी तळमजल्यावरच्या संजीवनीबाईंनी पुढाकार घेतला.

"सून कधीच उलट बोलत नाही तुम्हाला?" त्यांनी शालनताईंना जिन्यात गाठून विचारलं.

"नाही हो. गुणी आहे पोर."

"मग सांभाळा. साडेसातच्यातली पण आधी अश्शीच गोड होती."

त्याच आठवड्यात ऑफिसमधल्या सोनियाने नीलिमाला समजावलं, "सासूमाँ इतकी अच्छी? कुछ तो चाहिए होगा उनको. तू भोळी आहेस यार."

मार्गदर्शन मिळाल्यावर कुटुंबाने झपाट्याने सुधारणा केली. शालनताई घरात जरीच्या साडीत बसू लागल्या आणि कमरेला चाव्यांचा जुडगा आला. (चाव्या तीन. त्यातली एक २०११ साली विकलेल्या स्कूटरची.) नीलिमा स्वयंपाकघरात एकटीच मोठ्याने बोलू लागली, कारण कारस्थान मनातल्या मनात करायची पद्धत नाही. परंतु मुळात सरळ बाई, तिला कारस्थान सुचेना. "उद्या वालाचं बिरडं करते," ती फोडणीकडे बघून म्हणायची, "आईंना आत्ता कळताच कामा नये."

दुसऱ्या दिवशी शालनताईंचा वाढदिवस होता आणि बिरडं त्यांच्या फार आवडीचं. पण दाराआड उभ्या असलेल्या शालनताईंनी फक्त शेवटचं वाक्य ऐकलं. वाढदिवसाला त्या दूधपोह्यांवर राहिल्या.

त्यानंतरच्या सोमवारी साडेसातच्या सुनेने सासूच्या औषधाच्या गोळ्या बदलल्या. मंगळवारी सकाळी नीलिमाने नेहमीप्रमाणे गोळी दिली. शालनताईंनी ती तोंडात टाकल्यासारखं केलं आणि गॅलरीत जाऊन ती कोरफडीच्या कुंडीत पुरली. असं नऊ दिवस चाललं.

दहाव्या दिवशी, सात वाजून चाळीस मिनिटांनी, शालनताई सोफ्यावरून उठल्या, "डोकं... डोकं फुटतंय गं," म्हणाल्या आणि कोसळल्या.

आता इथे कुटुंबाचा दोष नाही. आदल्याच आठवड्यात मालिकेतली सासू अशीच कोसळली होती आणि ते नाटक निघालं होतं. त्यामुळे नीलिमा जागची हलली नाही. आपल्याला फसवलं जातंय, असं तिला वाटलं आणि तिचे डोळे भरून आले. वरदने आधी आईकडे पाहिलं, मग बायकोकडे, मग वडिलांकडे. प्रत्येकाने प्रत्येकाकडे तीन-तीनदा पाहिलं. विष्णुपंत तर जाहिराती लागायची वाट पाहत होते. जाहिराती लागल्या. शालनताई उठल्या नाहीत.

तेवढ्यात वरच्या मजल्यावरच्या भिमाबाई डबा परत द्यायला आल्या. डिश वाकलेली असल्यामुळे काय चाललंय ते त्यांना लगेच समजलं.

"अरे, बघताय काय उभे राहून? माणूस पडलंय! वरद, खाली जा, रिक्षा थांबव. नीलिमा, पाय धर त्यांचे."

दवाखान्यात प्रेशर दोनशे वीस निघालं. तरुण डॉक्टरांनी विचारलं, "गोळ्या कोण देतं यांना?"

"मी," नीलिमा म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले. नर्सही वळली. सासऱ्यांच्या आणि नवऱ्याच्या नजरेत काय आहे ते नीलिमाला नीट वाचता आलं. अकरा वर्षांत पहिल्यांदाच तिला त्या घरात परकं वाटलं. "मी काही नाही केलं," एवढंच ती कशीबशी म्हणाली.

"तिने दिल्या हो," खाटेवरून शालनताई पुटपुटल्या. "मी कुंडीत टाकल्या. मला वाटलं, बदलल्यास तू."

नीलिमा रडली. (खरोखर. म्हणजे नाक गळत होतं, तोंड वाकडं झालं होतं, प्रक्षेपणास सर्वथा अयोग्य.) "आई, विचारायचं तरी एकदा मला!"

"लाज वाटली गं विचारायची," शालनताई म्हणाल्या आणि सुनेचा हात त्यांनी सकाळपर्यंत सोडला नाही.

शालनताई आठ दिवसांनी घरी आल्या. कोरफडीचं प्रेशर उत्तम आहे. आता साडेसातला दोघी टीव्ही बंद ठेवून वाल सोलत बसतात, विष्णुपंतांना साली गोळा करायचं काम आहे. दवाखान्यात भेटायला आमच्या इमारतीतून सव्वीस जण गेले होते. घरी आल्यावर कोणीच गेलं नाही, कारण आता तिथे पाहण्यासारखं काही उरलं नाही. उलट, "त्या दोघी मिळून काहीतरी लपवताहेत" अशी लेखी तक्रार माझ्याकडे आली. मी रीतसर चौकशी केली. दाराला कान लावून दोन दिवस काढले. वालाच्या भावाखेरीज काही ऐकू आलं नाही.

तेव्हा वाचकहो, अधिकृतपणे कळवतो की नीलिमाने गोळ्या बदलल्या नव्हत्या. मागाहूनही तसं काही निघालं नाही, निघणार नाही. हे वाचून आपला किंचित हिरमोड झाला असेल, तर आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक फ्लॅट नुकताच रिकामा झाला आहे. आपण अवश्य या. आपल्यासारखीच माणसं आम्हाला हवी आहेत.