धुळबाची छत्री इंदापूरला

साल एकोणीसशे नव्याण्णव. मी तेव्हा सदुसष्ट वर्षांचा होतो. शाळा तिसरीपर्यंत झाली. पण वाचायला येतं, सही येते, आणि मला कुणी शहाणपण शिकवलेलं चालत नाही. माझ्याबद्दल एवढं पुरे. गोष्ट धुळबाची आहे.

धुळबा माझा शेजारी. अंथुर्ण्याच्या आमच्या वस्तीवर त्याच्या नि माझ्या घरामध्ये एक बांध तेवढा आडवा. त्या साली श्रावणात एक दिवस तो डोक्यापासून पायापर्यंत निथळत माझ्या ओसरीला आला.

"धुळबा, छत्री न्हाय का रं तुला?"

"हाय की! चांगली बारा काड्यांची हाय."

"मग?"

"इंदापूरला हाय. स्टँडासमोरच्या शिरपा चहावाल्याकडं ठिवलीय."

"आन पाऊस हितं पडतोय!"

"मग त्यात छत्रीचा काय गुन्हा?"

असा हा माणूस. त्याची एक वस्तू त्याच्या घरात सापडायची नाही. अडकित्ता लासुर्ण्याला सुभद्राकाकूकडं. जादाचं धोतर नरसिंहपूरला पुजाऱ्याच्या घरी, का तर संगमावर आंघोळ झाली की नेसायला. कानटोपी कळसला. कुठली वस्तू विचारा, उत्तर ठरलेलं, "हाय की! ठिवलीय." स्वतःच्या घरात चूल, दोन भांडी आणि घोंगडं. चोर शिरला असता तर कीव येऊन त्यानंच काहीतरी ठेवलं असतं.

ही खोड त्याची एकट्याची नव्हे. त्याच्या घरात आज्या-पणज्यापासून मेंढरं. दिवाळी झाली की कळप घेऊन कोकणाच्या अंगाला जायचं, पावसाच्या आधी परत यायचं. एवढं ओझं घेऊन मेंढरांमागं चालणार कसं? म्हणून वाटेवरच्या भरवशाच्या घरी जातं ठेवायचं, हंडा ठेवायचा, पुढच्या फेरीला वापरायचा. चिठ्ठी नाही, चपाटी नाही. पुढं मेंढरं विकली, दोन एकर शेती आली. बारा वर्षांमागं त्याची बायको गेली. लेकरू नव्हतं. मेंढरं सुटली, पण ठेवायची सवय सुटली नाही.

माझ्याकडं मात्र मी त्याला कधी काही ठेवू दिलं नाही. मी स्पष्ट बोलणारा. "माझं घर म्हंजी धर्मशाळा न्हवं," म्हणून सांगितलं होतं. जे आपल्या उशाखाली ते आपलं, बाकी सगळं लोकाचं, हे माझं म्हणणं. माझी लोखंडी पेटी, तिला दोन कुलपं, किल्ल्या करदोट्याला.

तर धुळबा एकदा बारामतीला गेला होता. तहान लागली म्हणून एका गाळ्यात शिरला, तो निघाला कॉम्प्युटरचा क्लास. तिथल्या नीता मॅडमनी पाणी दिलं. पाणी प्याला आणि येताना काठी ठेवून आला. काठी ठेवली म्हटल्यावर परत जाणं आलं. तिसऱ्या फेरीला तो परतला तो नाचतच.

"नाना, आरं आमच्या आज्याचा कारभार आता अमेरिकेनं उचललाय!"

"काय केलं अमेरिकेनं?"

"कागदपत्तर आपल्या डब्यात ठिवायचंच न्हाय. तारेतनं तिकडच्या कंपनीच्या घरी ठिवायचं. बारामतीत मागा, इंदापुरात मागा, कुठंबी मिळतंय. हात मोकळं!"

मी ठरवलं, हे खूळ जाग्यावरच मोडायचं. पुढच्या खेपेला बरोबर गेलो. मॅडम पोरगेल्या, पण बोलायला नीट.

"आजोबा, उद्या घरोघरी कॉम्प्युटरचा डबा लागणारसुद्धा नाही," त्या म्हणाल्या. "नुसता पडदा आणि टेलिफोनची तार. सगळं सामान तिकडं."

"तार तुटली तर?"

"जोडली की मिळेल."

"आणि कंपनीनंच दार लावून घेतलं तर?"

मी मिशीवर हात फिरवला. तेवढ्यात धुळबा म्हणाला, "शिरपाबी एखाद दिशी दुकान बंद करंल. म्हणून काय आतापास्नं छत्री उरावर घिऊन झोपू? आन तुझ्या पेटीला घूस लागली म्हंजी?"

"माझी पेटी लोखंडाची हाय!"

"घूस बी लोखंडाच्या दाताची हाय."

शेवटी त्यानं मॅडमना आपली यादी सांगायला घेतली. कुठल्या गावात, कुणाच्या घरी, काय ठेवलंय. आजवर ती त्याच्या डोक्यात होती. मी रागानं बाहेर जाऊन चहा घेतला. तासाभरानं आत गेलो, तर यादी मराठीत टाइप होऊन अमेरिकेला पोचलेली. मॅडमनी एक शब्द ठरवून घेतला. पासवर्ड. तो सांगितला की तिकडचं दार उघडतं. शब्द धुळबाच्याच पसंतीचा, 'चितळी'. कळपात पुढं चालायची ती मेंढी.

"हा कुणालाही सांगायचा नाही हं, आबा."

धुळबाचा चेहरा उतरला. "सांगायचा न्हाय? मग ध्येनात कोण ठिवणार?"

सांजपर्यंत सगळ्या वस्तीला पासवर्ड पाठ झाला होता. एसटीचा कंडक्टर त्याला बघून म्हणायचा, "चला, चितळी, पुढं सरका!"

मी पण गप्प बसणारा नव्हे. मॅडमना म्हटलं, मला हातात धरता येईल असं काहीतरी द्या. त्यांनी एक काळी चौकोनी चपटी वस्तू दिली. फ्लॉपी. यादी तिच्यात पण उतरवलेली. ती मी पेटीत ठेवली, दोन कुलपांत.

पुढं खंडेनवमी आली. त्या दिवशी आम्ही कामाची सगळी हत्यारं पुजतो. विळे, खुरपी, कुऱ्हाड, इंजिनाचं हँडल, सगळं धुऊन पाटावर मांडलं. मनात आलं, फ्लॉपी पण हत्यारच की. तीही काढली. धुतली. तिला पत्र्याची एक बारकी झडप असते, ती सरकवून आतून पण स्वच्छ धुतली. मी कामचुकार नाही. दूध शिंपडलं, हळदीकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं. सबंध पाटावर तीच उठून दिसत होती.

दिवाळीनंतर एक दिवस धुळबा इंदापूरहून लवकर परतला. ओसरीला बसला आणि बोलेना. धुळबा बोलत नाही म्हणजे अंगात ताप असणार. मी कपाळाला हात लावला.

"ताप न्हाय रं," तो म्हणाला. "स्टँडावर उतरलो. कुणाच्या घरी जायचं तेच आठवंना. ह्या बाजूला बघितलं, त्या बाजूला बघितलं. शेवटाला त्याच गाडीत बसून आलो."

"समोर तर शिरपाचं दुकान!"

"दुकान दिसलं रं. ते आपलं हाय हे न्हाय समजलं." मग हळूच म्हणाला, "वस्तू गेल्या तर जाऊ दी, नाना. मी घरं इसराया लागलोय."

हे मला आवडलं नाही. मी म्हटलं, "त्यात काय रडतूस? माझ्या पेटीत हाय तुझी यादी!" आणि सकाळच्या एसटीनं त्याला बारामतीला नेलं.

मॅडमनी फ्लॉपी हातात घेतली. उलटी केली. वास घेतला.

"नाना, हिला हळद कशी लागली?"

"पूजा केली."

"आणि हे आत?"

"आतून पण केली."

मॅडमनी ओठ आवळून धरले. हसणं दाबत होत्या ते मला कळलं. फ्लॉपी त्यांनी यंत्राजवळ पण नेली नाही. बरं, क्लासातला तो जुना डबा विजेच्या झटक्यानं आठवड्यापूर्वीच जळलेला. त्यातली यादी त्याच्याबरोबर गेली. राहिली अमेरिका. नव्या डब्याला तार जोडली, बराच वेळ आतून घुबडासारखे आवाज आले, आणि पडद्यानं पासवर्ड मागितला.

मॅडम म्हणाल्या, "सांगा आबा, तुमचा शब्द माझ्या काही लक्षात नाही."

धुळबा पडद्याकडं बघत राहिला. मग माझ्याकडं. त्याचे ओठ हलले, शब्द काही येईना. डोळ्यांत पाणी आलं.

"चितळी!" मी ओरडलो. शेजारच्या बाकावरची चार माणसं दचकली. "चितळी लिवा, मॅडम! आख्ख्या तालुक्याला ठाव हाय!"

मध्येच तार तुटली. परत जोडली. दुसऱ्यांदा दार उघडलं. मॅडमनी यादी कागदावर छापून दिली. तो कागद मीच मागून घेतला, कारण पडद्यावर माझा आजही विश्वास नाही. धुळबाला वाचता येत नव्हतं, म्हणून तिथंच बाकावर बसून मी मोठ्यानं वाचायला लागलो.

"लासुर्णे. सुभद्राकाकू. अडकित्ता. मागायचा न्हाय. गुडघं कसं हायेत इचारायचं."

"व्हय व्हय," धुळबा म्हणाला. "उजवा लई दुखतोय तिचा."

"इंदापूर. शिरपा. छत्री. मागायची न्हाय. थोरलीचं लगीन जमलं का इचारायचं."

"शिरपा! आरं, शिरपा की!"

"नरसिंहपूर. पुजारी. धोतर. मागायचं न्हाय. जेवाय बस म्हणलं तर न्हाय म्हणायचं न्हाय."

अशी तेवीस घरं. प्रत्येक घरापुढं 'मागायचं न्हाय'. मागून आणलं तर परत जायला निमित्त काय राहणार? प्रत्येक नावाला धुळबा मान हलवत होता, चेहरा उजळत होता. मी शेवटच्या ओळीवर आलो. मनातल्या मनात वाचली.

'अंथुर्णे. नाना. काय ठिवलं न्हाय. ठिवू देत न्हाय. तरी रोज जायचं. भांडाण काढायचं, म्हंजी लई येळ बसता येतंय.'

"का रं थांबलास?" धुळबानं विचारलं.

"अक्षार बारीक हाय," मी म्हणालो, आणि कागदाची घडी करून खिशात घातली.

घरी येईपर्यंत एसटीत आम्ही अमेरिकेवरून भांडलो. तो म्हणाला, बघ, दूरचंच कामाला आलं. मी म्हणालो, शब्द माझ्या डोक्यात होता म्हणून आलं. दोघांपैकी कुणी हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दाढीचा आरसा, वाटी आणि वस्तरा उचलला, बांध ओलांडला, धुळबाच्या रिकाम्या भिंतीत खिळा ठोकून आरसा टांगला, तिथंच बसून दाढी केली, आणि सामान तसंच ठेवून घरी आलो.