दुपारी मरणारा फोन

पांढरकवड्याच्या बसस्टँडबाहेर रसवंतीला लागून एक पिवळी काचेची पेटी उभी आहे. आत एक खुर्ची, एक भिंग आणि मी. मी म्हणजे उकंडा भोयर, केळापूर तालुक्यातला पहिला आणि (मी चौकशी केली आहे) एकमेव खाजगी गुप्तहेर. माझी नजर घारीची, स्मरणशक्ती हत्तीची आणि चाल मांजराची आहे. एवढे प्राणी एका माणसात मावतात कसे, असे लोक विचारतात. त्यांनी माझे पोट पाहिलेले नसते.

ही पेटी एकेकाळी माझा एसटीडी-पीसीओ होता. तालुक्यातल्या निम्म्या सोयरिकी आणि जवळजवळ सगळी भांडणे मी हातभर अंतरावरून ऐकली आहेत. मग मोबाइल आले आणि पेटीत कोणी शिरेना. दुसरा माणूस खचला असता. मी बाहेरची पाटी रंगवून घेतली. पेटीत दोन माणसे मावत नाहीत, म्हणून अशिलाने बाहेर उभे राहून आपले गुपित ओरडून सांगायचे, अशी माझ्या कार्यालयाची पद्धत आहे.

माझा सहायक शकील. शेजारी त्याची मोबाइल दुरुस्तीची टपरी आहे आणि त्याच्याकडे मोटारसायकल आहे. आपण सहायक आहोत हे त्याला मान्य नाही. पण मोठ्या माणसांच्या सहायकांना ते उशिरा कळते.

त्या शनिवारी काचेवर टकटक झाली. बाहेर एक धिप्पाड, पांढऱ्या मिशांचा माणूस अंग खाजवत उभा होता.

"साहेब, मी शंकरसिंग राठोड. तांड्यावरून आलो. माह्या घरचा फोन रोज दुपारी मरते!" तो ओरडला. रसवंतीवरचे चार लोक उठून जवळ आले.

"मारेकरी म्हणून कोणावर संशय?" मी आतून ओरडलो.

"सकाळी बॅटरी फुल असते जी. बारा वाजले का खलास!"

हकिगत अशी होती. आदल्या साली बोंडअळीने कापसाची पऱ्हाटी खाल्ली होती. यंदा कापूस बरा आला, तर बाजारात भाव नव्हता. भाव फक्त खरेदी केंद्रावर होता आणि तिथे रांग मैलभर. म्हणून केंद्राने नवी पद्धत काढली. नाव लिहून घरी जायचे; पाळी आली की केंद्रातून फोन येणार, तो लागला नाही की पाळी पुढच्याची. शंकरसिंगची पाळी अशी दोनदा गेली होती. दर वेळी त्याचा फोन आधी "कव्हरेज क्षेत्राच्या बाहेर" होता आणि मग "बंद".

"सारा कापूस घरात हाय साहेब. दोन्ही खोल्या आढ्यालोक भरल्या. आम्ही ओसरीत निजतो. अन् मंगळवारी आमच्या ममताची सोयरीक पक्की कराचा गूळ खायले पाहुणे येऊन राह्यले! पाहुण्यायले घरात बसवा लागते. अंगणातूनच वाटे लावले तं सोयरीक राहीन का?"

"व्यापाऱ्याले देऊन टाका ना, चाचा," शकील म्हणाला.

"तो फुकटात मांगते रे बाबू. मंग पोरीचं लगन कायच्यावर करू?"

मला गलबलून आले. "शंकरसिंगजी," मी म्हणालो, "मंगळवारच्या आत तुमच्या बॅटरीचा खुनी तुमच्या पायाशी असेल. फी अर्धा किलो तुरीची डाळ." गुन्हेगारी वाढली असली तरी आमच्या भागात फी अजून डाळीतच मिळते.

तांड्यावर पोचलो. घराचे दार पुरते उघडत नव्हते, कारण मागून कापूस रेटत होता. मी फटीतून डोके आत घातले आणि पाचव्या सेकंदाला माझी मान खाजू लागली, मग पाठ, मग जिथे चारचौघांत खाजवता येत नाही तिथे. समोर पाहिले तर सगळे कुटुंब खाजवत होते. माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

"शकील! टॉवर कुठे आहे?"

"नवा फोर-जीवाला हायवेवर. जुना टू-जीवाला केळापूरले."

"म्हणजे या घरावर दोन्हीकडून लहरींचा मारा होतो आहे. ही खाज म्हणजे फ्रिक्वेन्सी!"

"साहेब, ते घरात साठवल्या कापसाची खाज हाय," शंकरसिंग म्हणाला. "दर साली होते."

तपासात अशिलाचे मत घ्यायचे नसते. मी खाज लहरींच्या खात्यात टाकली आणि पुरावा मागितला. शंकरसिंगच्या बायकोने, धुरपताबाईंनी, कमरेची एक पिशवी सोडली. आरशा-कवड्यांनी मढवलेली, स्वतः शिवलेली. पिशवीतून निघाली कापसाच्या बियाण्याची रिकामी थैली, आतून चांदीसारखी चकचकीत. तिचे तोंड तीन घड्या घालून सुतळीने बांधलेले. त्या थैलीतून निघाला फोन.

"एवढा बंदोबस्त?"

"मांगचा फोन घामानं गेला," त्या म्हणाल्या. "हा राजकुमारनं पाठवला, माह्या पोरानं. सरकी जिच्यात वर्सभर वाळली राह्यते, तिच्यात फोनबी राहीन म्हटलं."

फोनला इतके जपणारी बाई फोनचे वाईट करणे शक्य नाही. मी धुरपताबाईंना संशयितांतून तिथल्या तिथे वगळले. आजही मला माझ्या त्या निर्णयाच्या वेगाचे कौतुक वाटते.

फोन मेलेला होता. शकीलने आपल्या खिशातल्या पॉवरबँकेने त्यात जीव आणला. पडद्यावर रेंजच्या तीन काड्या उभ्या राहिल्या. शकीलने आपल्या फोनवरून लावला, वाजला. सगळे ठीक.

"भाऊ, ऐका," शकील म्हणाला. "केळापूरची टू-जीची लहर नऊशेवाली. ते लांब जाते, भिंतीतूनबी घुसते. हायवेवाली तेवीसशेवाली. ते फास्ट हाय, पण लांब येता येता दम तुटते. हा फोन एक घडी इकडं, एक घडी तिकडं. अन् टॉवर दूर असला का फोन जोर लावते. वावरातल्या गड्याले बाई हाक मारते ना, नाही आयकला का अजून जोरानं. तसा. घसा बसला का बॅटरी खतम."

"मग ओरडतो आहे कोणासाठी?" मी विचारले. शकीलने कपाळावर हात मारला.

तेवढ्यात माझी घारीची नजर शेजारच्या ओसरीवर गेली. तिथे हिरासिंग नावाचा शेजारी बटनांच्या जुन्या फोनवर गाणी ऐकत होता.

"तुमचा फोन कधी चार्ज करता?"

"आठवड्यातून एकदा जी."

"कुठे?"

"इथंच, शंकरच्या बोर्डावर. माह्या घरचा बोर्ड जळला."

बोर्ड एक. एक फोन दुपारी रिकामा होतो, दुसरा आठवडाभर भरलेला राहतो. पाटाचे पाणी वरच्या शेतातून खालच्या शेतात उतरते, हे लहान मुलालाही कळते. मी हिरासिंगवर बोट रोखले. "चार्ज यांच्या फोनमध्ये पाझरतो आहे!"

"अजी, माहा फोन टू-जीच हाय," हिरासिंग म्हणाला. "त्याले दुसरं काही येतच नाही. कायले बॅटरी खाईन?"

"पण तुम्ही ट्रॅक्टरवाले आहात. तुम्हाला ओढायची सवय आहे."

हिरासिंग घरात निघून गेला. माझ्या अनुभवात निर्दोष माणूस असाच घरात जातो, आणि दोषीही.

रविवारी मी पहाराच दिला. फोन पिशवीतून काढून ओसरीतल्या स्टुलावर ठेवला आणि सकाळपासून दिवे लागेपर्यंत त्याच्याकडे पापणी न हलवता पाहिले. मधे दोनदा जेवलो, एकदा डुलकी लागली, पण डोळे उघडे होते असे शकील म्हणतो. (तो नंतर म्हणाला की, "तोंड" उघडे होते.) संध्याकाळी बॅटरी जवळजवळ भरलेली! दुर्दैवाने रविवारी केंद्र बंद असते, त्यामुळे फोन आला नाही.

"पाहिलंत?" मी शंकरसिंगला म्हणालो. "मी समोर असलो की चोराची हिंमत होत नाही."

"मंग तुम्ही इथंच राहा साहेब," तो हात जोडून म्हणाला. पण माझ्यासारख्या माणसाला एकाच फोनजवळ बसून चालत नाही. धुरपताबाईंनी फोन थैलीत घातला, तीन घड्या घातल्या, सुतळी आवळली आणि कमरेला लावला.

सोमवारी शकीलने फोनची सेटिंग बदलून तो नुसत्या टू-जीवर टाकला. "आता एकाच टॉवरले पकडून राहीन. बॅटरी वाचन." त्या दिवशी फोन बाराऐवजी तीन वाजता मेला. शकीलने फोन उलटा करून पाहिला, मग सुलटा. केंद्रातून पुन्हा फोन येऊन गेल्याचे दुसऱ्या एका शेतकऱ्याने येऊन सांगितले. शंकरसिंग ओसरीच्या कडेला बसून कापसाकडे पाहत राहिला.

आता एकच माणूस उरला होता. ममता. मुलीला सोयरीक नको असेल. ती दुपारी चोरून कोणाशी तरी बोलत असेल. फोन संपतो, पाळी जाते, कापूस राहतो, पाहुणे परत जातात! इतका सुंदर धागा मी आयुष्यात विणला नव्हता. मंगळवारी सकाळी सगळ्यांना अंगणात गोळा केले आणि तो मांडला.

ममता भाकरी थापत होती. तिने हात थांबवून आईकडे पाहिले. "फोन याडीच्या कमरंला राह्यते. मी तं हातबी लावत नाही. अन् सोयरीक मले पसंत हाय," ती म्हणाली आणि एकदम रडू लागली. "पोराले मी जत्रेत पाह्यलं. चांगला हाय. तुम्हीच काहीतरी करा ना बाप्पा, आज येतील ते."

शंकरसिंग उठला. धिप्पाड माणूस हळू आवाजात बोलला की जास्त भीती वाटते. "साहेब, झालं. तुमचा तपास राहू द्या. धुरपता, यायची डाळ देऊन दे."

मी मान खाली घातली. शकीलने मोटारसायकल फिरवून ठेवली. धुरपताबाई डाळ मोजून आल्या, पण ती भरायची कशात? सरकारने कॅरीबॅगा बंद केल्यापासून घरात पिशवी नव्हती. उरलेल्या बियाण्याच्या थैल्या कापसाच्या खाली कुठेतरी गाडल्या गेल्या होत्या. त्यांनी इकडेतिकडे पाहिले, कमरेची पिशवी सोडली, फोन काढून खाटेवर ठेवला आणि माझी डाळ त्या चकचकीत थैलीत ओतू लागल्या.

डाळ अर्धी ओतून झाली असेल नसेल, फोन वाजला.

आधी शकील धावला. त्याने स्पीकर लावला.

"शंकरसिंग राठोड का? अहो, किती दिवसांपासून लावून राह्यलो! तुमचा फोन हाय का दगड? आज शेवटचं. संध्याकाळच्या आत गाडी गेटावर पायजे, नाही तं नाव कटलं!"

शकीलने डाळीची थैली उचलली, आत बोट घालून चमक पाहिली, आपला फोन डाळीची पर्वा न करता त्यात खुपसला आणि तोंड मुडपले. धुरपताबाईंच्या फोनवरून आपला नंबर लावला. "कव्हरेज क्षेत्राच्या बाहेर."

"चाची," तो खाली बसत म्हणाला, "ह्या चमकीतून लहर घुसतच नाही. आत कोंडला फोन दिवसभर टॉवरच्या नावानं बोंबलून राह्यला. अन् आम्ही पाहाले बाहेर काढला का एकदम शाणा!"

"मंग हे कोनं विचारलंच नाही मले," धुरपताबाई म्हणाल्या.

मी शांतपणे सांगितले की फी डाळीत घेण्यामागे हाच हेतू होता. कोणी ऐकले नाही, कारण शंकरसिंग कुंपणावरून हाका मारत होता. हिरासिंगने ट्रॅक्टर आणि ट्रॉली आणली. मग जे सुरू झाले ते मी लिहू शकत नाही, कारण त्यातला बराच वेळ मी कापसाखाली होतो. गाठोडी बाहेर येत होती, ट्रॉलीत पडत होती, आणि वर चढून ती पायांनी दाबायला माणसे कमी पडत होती.

नेमके तेव्हाच पाहुणे आले. मुलगा, त्याची आई, मामा आणि जीपभर माणसे, सगळी नव्या कपड्यांत. शंकरसिंग ट्रॉलीवरून त्यांच्याकडे पाहत राहिला. त्याच्या मिशांना कापूस लागलेला होता. मुलाने एकदा ट्रॉलीकडे पाहिले, चपला काढल्या, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि वर चढून कापूस तुडवू लागला. त्याचा मामा चढला. ममता दारामागून पाहत होती आणि हसत होती.

ट्रॉली वेळेत निघाली. शंकरसिंगला जावे लागले, आणि पाहुण्यांना अंधाराआधी परतायचे होते. बापाशिवाय गूळ कसा खायचा, म्हणून मुलाकडचे लोक कुजबुजू लागले. तोवर ते आत, उघड्या जमिनीवर बसले होते. कित्येक महिन्यांनी त्या खोलीची जमीन दिसत होती आणि आम्ही सगळे एकमेकांकडे पाहून खाजवत होतो. मुलाच्या आईलाही खाज सुटली. ती म्हणाली, "आमच्याबी घरी अशीच हाय."

तेवढ्यात फोन वाजला. "वजनाचा काटा झाला!" शंकरसिंग हिरासिंगच्या फोनवरून, केंद्राच्या गेटावरून ओरडत होता, मागे ट्रॅक्टरांचा गोंगाट. "सारा घेतला. मी आता रात्रीलोक नाही येत. मामा हायेत का? मी इथूनच हो म्हणतो. गूळ वाटा!"

"पुन्हा म्हना," मामा म्हणाले. "समद्यायले आयकू जाऊ द्या."

धुरपताबाई उभ्या राहिल्या आणि फोन उघडा, नुसता, हात उंच करून खोलीच्या मधोमध धरला. शंकरसिंगने पुन्हा हो म्हटले. गूळ वाटला गेला, ममताच्या तोंडात गेला, मुलाच्या गेला. मग एकेक पाहुणा त्या हाताखाली येऊन फोनमध्ये शंकरसिंगला राम राम घालू लागला. जीपभर माणसे होती, वेळ लागला. शकील म्हणाला, "चाची, द्या इकडं, मी धरतो." त्यांनी नाही म्हणून मान हलवली. शेवटच्या पाहुण्याचा राम राम होईपर्यंत त्यांनी हात खाली घेतला नाही.