देवरे काका आणि मुकं सोनं

सराफ बाजारात जाऊन सोन्याचा भाव न विचारता सोन्याचं वय विचारणारा माणूस उभ्या नाशकात एकच आहे, आणि तो नेमका माझ्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहतो.

लेकीच्या लग्नाची खरेदी होती. मालतीकाकूंना दागिन्यांची पारख, म्हणून मी त्यांना सोबत नेलं. त्यांच्यामागे त्यांचे यजमान, म्हणजे देवरे काका, न बोलावता आले. मी घशाला कोरड पडेपर्यंत घासाघीस करून मजुरी कमी करायला सराफांना जवळजवळ राजी केलं होतं. तेवढ्यात काकांनी काउंटरवरची पाटली उचलली, चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, "हे किती वर्षांचं?"

"नवा माल आहे काका. कालच आलाय," सराफ म्हणाले.

"काल?" काका खो खो हसले. "अहो, कर्नाटकातल्या खाणीतलं असेल ना, तर अडीचशे कोटी वर्षांचं आहे हे. प्लस मायनस दोन-तीन कोटी!"

सराफांना वाटलं, म्हातारा मालाला नावं ठेवतोय. "आमच्याकडे जुना माल नवा म्हणून खपवत नाहीत," असं म्हणून त्यांनी पाटली उचलून आत ठेवली. मजुरी कमी व्हायची राहिलीच. परतताना मी रिक्षात काकांशी एक शब्द बोलले नाही. त्यांना ते कळलंसुद्धा नाही. घर येईपर्यंत ते अडीचशे कोटी वर्षांबद्दलच बोलत होते.

काका मूळचे सटाण्याचे. कांद्याच्या शेतातून उठले ते थेट हैदराबादच्या एका प्रयोगशाळेत गेले आणि जन्मभर सोन्यानाण्याच्या नव्हे, सोन्याच्या खाणींच्या जन्मवेळा काढत बसले. निवृत्त झाल्यावर नाशकात आले. नाशिक त्यांना आवडलं, पण इथला दगड काही आवडला नाही. आपला सगळा काळा कातळ म्हणजे थिजलेला लाव्हा, जेमतेम साडेसहा कोटी वर्षांचा. पांडवलेण्याच्या पायऱ्यांवर कातळावर काठी आपटून ते म्हणाले होते, "हाऊ ते कालना पोऱ्या शे!" म्हणजे, हा तर कालचा पोरगा. फार रंगात आले की काका अहिराणीत शिरतात.

आमच्या सोसायटीला पंचवीस वर्षं झाली तेव्हा चेअरमन भाषणात म्हणाले, "एवढी प्रदीर्घ वाटचाल..." आणि पहिल्या रांगेतून काका फस्सकन हसले. पुढचं अर्धं भाषण चेअरमन शर्टाची बटणं चाचपत होते.

बरं, वेळेच्या बाबतीत हा माणूस काटेकोर म्हणावा, तर तेही नाही. "सात वाजता येतो, प्लस मायनस दहा मिनिटं." "भाजीत मीठ बरोबर आहे, प्लस मायनस चिमूट." नळाचं पाणी कधी जाणार हे विचारलं तरी तेच. मी एकदा चिडून म्हटलं, "काका, कधीतरी नुसतं सात म्हणा ना!" तर म्हणाले, "जो प्लस मायनस सांगत नाही, तो थापा मारतो."

सोन्याचं वय काढतात कसं, हे मी एकदा त्यांना विचारलं. गॅसवर दूध ठेवून विचारलं, ही चूकच झाली. दूध उतू गेलं, पण कळलं ते असं. काही खनिजांमध्ये रेनियम नावाचा धातू असतो. त्याचा अगदी सावकाश, कोट्यवधी वर्षांत, ऑस्मियम होत जातो. किती उरलं आणि किती झालं हे मोजलं की वय मिळतं.

"मग सोन्यातलं मोजायचं," मी म्हटलं.

"तिथेच तर गंमत आहे! सोन्यात हे घड्याळच नाही. सोनं मुकं, सुनीता. त्याला स्वतःचं वय सांगता येत नाही. मग त्याला चिकटून कोण बसलंय ते बघायचं. बहुतेक वेळा पायराइट असतो. दिसायला पिवळा, किमतीला शून्य. लोक त्याला मूर्खांचं सोनं म्हणतात. पण साक्ष देतो तो! फक्त एक बघायचं, तो पहिल्यापासून सोबत होता, की मागाहून चिकटला? मागाहूनचा असला, तर सगळं गणित बोंबललं."

हा प्रश्न काका जगात कुणालाही विचारतात. माझ्या लेकीला बघायला मुलगा आला, सोबत त्याचा मित्र. मित्र मुलाचं भरभरून कौतुक करत होता. काकांनी पोह्यांची बशी खाली ठेवली. "तुम्ही पहिल्यापासून सोबत, की मागाहून?" मित्र गडबडला. म्हणाला, कॉलेजच्या शेवटच्या वर्षी ओळख झाली. "मग तुमची साक्ष बाद," असं म्हणून काकांनी बशी परत उचलली. लग्न झालं, जावई गुणाचा निघाला, पण तो मित्र अजून काकांना टाळतो.

काकांची एक खोड मात्र मला मनापासून खटकायची. काकूंना काहीही विचारा, उत्तर काका देणार. "काकू, मुलगा कसा आहे?" "पुण्यात मजेत आहे," काका. "काकू, ही साडी कुठली?" "येवल्याची," काका. बरं, काकू जातील तिथे हे हजर. बायकांच्या भिशीतसुद्धा! कुणी हटकलं तर म्हणायचे, "आम्ही सँपल एकटं सोडून जात नाही." माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. जन्मभर शाळेत गणित शिकवलेली बाई, आणि हा माणूस तिला तोंड उघडू देत नाही!

मग एका दुपारी माझी बेल वाजली. दारात काकू. खांद्याला पर्स, चेहरा घामेजलेला. मला म्हणाल्या, "अहो, इथे देवरे कुठे राहतात?" त्यांच्या पाठीमागे त्यांच्याच दारावर पाटी होती. तेवढ्यात काका एकाच पायात चप्पल घालून जिन्यावरून धावत आले. शोधत खाली गेले होते बिचारे.

काकू आत झोपल्यावर ते माझ्याकडे आले. पहिल्यांदाच हळू आवाजात बोलले. "वर्षभर चाललंय हे. एवढं कर सुनीता, बिल्डिंगमध्ये कळू देऊ नकोस. लोक तिच्याशी लहान मुलासारखं बोलायला लागतील. बाकी विसरते, पण अपमान अजून कळतो तिला."

त्या दिवसापासून मीही काकांच्या पार्टीत गेले. काकूंना कुणी प्रश्न विचारला की एकीकडून काका आणि दुसरीकडून मी. बिल्डिंगमध्ये बोभाटा झाला की सुनीताला हल्ली फार बोलायची सवय लागलीय.

संक्रांतीचं हळदीकुंकू माझ्याकडे होतं. काकू जरीच्या साडीत, शेजारच्या खुर्चीवर काका, हॉलमध्ये एकमेव पुरुष. सगळं सुरळीत चाललं होतं. तेवढ्यात काकांचा फोन वाजला. हैदराबादच्या त्यांच्या जुन्या विद्यार्थ्याचा. आमच्या हॉलमध्ये नीट रेंज मिळत नाही, म्हणून काका बाहेर पॅसेजमध्ये गेले, आणि चेअरमनच्या शोभाताईंना तेव्हाच उत्साह आला.

"काकू, उखाणा! आज नाव घेतल्याशिवाय सोडणार नाही!"

"आधी तिळगूळ घ्या सगळ्यांनी," मी ओरडले. कोण ऐकतंय! बायकांनी टाळ्या सुरू केल्या.

काकू हसत उभ्या राहिल्या. "नाव..." म्हणाल्या. थांबल्या. शेजारच्या खुर्चीकडे पाहिलं, ती रिकामी. "ह्यांचं नाव..." हसू तसंच होतं, पण हात पदराचं टोक गुंडाळायला लागले. "लाजल्या बघा!" कुणीतरी म्हणालं. काकूंच्या डोळ्यांत पाणी तरारलं. नवऱ्याचं नाव मी कसं सुचवणार होते चारचौघींत?

बाहेरून काकांचा आवाज येत होता, "पायराइट पहिल्यापासूनचा आहे ना? मग घाबरू नकोस." आणि पाठोपाठ ते दारात आले. एका नजरेत त्यांना सगळं कळलं.

"थांबा!" काका गरजले. "हा अन्याय आहे. दरवेळी बायकांनीच का? आज मी घेणार!" फोन खिशात टाकून ते काकूंच्या शेजारी जाऊन उभे राहिले आणि खणखणीत आवाजात म्हणाले,

"सोनं असतं मुकं, त्याचं वय सांगतो पायराइट,
मालतीचं नाव घेतो, बाकी सगळं ऑलराइट!"

हॉल दणाणला. शोभाताईंनी काकांच्या कपाळाला हळद फासली, वाणाचा प्लॅस्टिकचा डबाही दिला. सगळ्यांत जास्त काकू हसत होत्या. मी दूध बघते म्हणून स्वयंपाकघरात गेले आणि ओट्याला टेकून पोटभर रडून घेतलं.

सगळ्या गेल्यावर मी दोघांना दारापर्यंत सोडायला आले. काकूंनी काकांकडे निरखून पाहिलं.

"छान बोललात हं मघाशी. तुम्ही कोणाकडचे?"

काकांच्या कपाळावर अजून हळद होती. डबा त्यांनी दुसऱ्या हातात घेतला.

"मी मालतीबाईंकडचा," ते म्हणाले.

"ओळखता तिला?"

"पहिल्यापासून."

काकूंना ते पटलं. त्यांनी काकांचा दंड धरला. "मग मला घरी सोडाल? फार लांब आहे का हो?"

"छे, दोन मिनिटं," काका म्हणाले. "प्लस मायनस."

आणि त्यांनी समोरचं दार उघडलं.