अकरा मोजेपर्यंत

दुपारी चारच्या सुमाराला बेल वाजली की दार उघडण्याआधी आपला चहाचा कप लपवायचा, अशी आमच्या सोसायटीत पद्धत पडली आहे. कारण दारात बहुधा मुलाणीभाऊ असतात. हातात स्टीलचा छोटा डबा, डब्यात गव्हाच्या ब्रेडची एक स्लाइस. ते बसत नाहीत, ख्यालीखुशाली विचारत नाहीत. तुम्ही अर्धा प्यायलेल्या कपात ती स्लाइस निम्मी बुडवतात, वर काढतात आणि हवेत धरून मोजू लागतात. एक, दोन, तीन, असं सावकाश अकरापर्यंत.

मधेच तुकडा तुटून कपात पडला, तर "ट्रिप झाला" म्हणून ते निघून जातात. चहा तुमचा आणि त्यातला लगदाही तुमचाच. अकरापर्यंत टिकला, तर तो तुम्हाला खावा लागतो. तेही त्यांच्या पद्धतीनं. "दात लावायचं न्हाईत, वहिनी. नुसतं जिभंनं दाबा. इरघळला का?" विरघळला नाही, तर ब्रेड नापास. विरघळला आणि अकराच्या आत तुटला, तरी नापास. म्हणजे ब्रेड मऊही हवा आणि दमदारही हवा. माझ्या लग्नाच्या वेळी आमच्या घरच्यांनी मुलाबद्दल एवढ्या अटी घातल्या नव्हत्या.

मला माझ्या चहात कुणी लुडबुड केलेली अजिबात खपत नाही. एकदा मी त्यांच्यासाठी वेगळा, ताजा चहा टाकला. त्यांनी नुसता वास घेऊन परत केला. "ह्यो लय कडक. निम्मा पिऊन थंड झालेलाच पायजे." मग मी आकडाच पकडला. दिवाळीला ते नऊ मोजायचे, संक्रांतीनंतर अकरा मोजायला लागले होते. परीक्षा चालू असताना पासाचे मार्क वाढवतात का, असं मी विचारलं. त्यावर ते छताच्या पंख्याकडे बघत राहिले. उत्तर द्यायचं नसलं की भाऊ पंख्याकडे बघतात.

हुसेन मुलाणी मूळचे परंदवडीचे. वीजखात्यात चौतीस वर्षं लाइनमन होते. लोणावळ्याच्या डोंगरापासून इकडे सोमाटण्यापर्यंत त्यांनी चढायचा ठेवला असेल असा खांब नाही. त्या काळात लाइट कधी येणार विचारलं, की त्यांचं उत्तर ठरलेलं असे. "येईल की. लाइट काय पाव्हणी हाय व्हय, रुसून बसायला?" अंधारात, डास मारत आम्ही हे उत्तर फार वर्षं ऐकलं.

त्याची फेड झाली ती त्यांच्या लेकीच्या हातून. ती पनवेलला असते. तिला बाळ झालं म्हणून भाऊंच्या घरच्या, आमच्या भाभी, तिकडे गेल्या, आणि अब्बांचे हाल नकोत म्हणून लेकीनं एक ब्रेड मशीन इकडे पाठवलं. तिला ते कुणीतरी भेट दिलेलं होतं आणि तिनं खोक्यातून बाहेरसुद्धा काढलेलं नव्हतं. आता गव्हाच्या ब्रेडला या मशीनला तीन तास चाळीस मिनिटं लागतात. मळणं, फुगवणं, भाजणं, सगळं आपलं आपण करतं. पण मधे पाच-दहा मिनिटं लाइट गेली, की सगळं विसरून बसतं. ज्या माणसानं अख्ख्या मावळाला धीर धरायला शिकवलं, तो आता पीठ टाकण्याआधी सबस्टेशनला फोन करतो. "आरं, कणीक टाकतोय. फांद्या तोडायच्या आसतील तर बारानंतर तोडा." तिकडची पोरं त्यांच्याच हाताखाली शिकलेली. ती बिचारी "व्हय भाऊ" म्हणतात.

मशीन चालू असताना भाऊ स्विचशेजारी स्टूल टाकून बसतात. स्विचवर पत्र्याची एक जुनी पाटी लटकवतात. 'सावधान, लाइनवर माणसे काम करीत आहेत.' मी एकदा विचारलं, "भाऊ, माणसं कुठं आहेत?"

"हाइत की आत. कणकंतलं यीस्ट काय मेलेलं आसतंय व्हय?"

मग त्यांनी मला त्या स्टुलाचा अर्थ सांगितला. खांबावर एक जण चढतो, तेव्हा दुसरा खाली स्विचपाशी बसतो. कुणी येऊन चुकून चालू करू नये म्हणून. "मी वर, आन् खाली आमचा गायकवाड. त्यो बसला म्हंजी मी तारंवर गाल टेकवून झोपलो आसतो. काम झालं की खांबाच्या बुडाशी बसून च्या-पाव. त्याबिगर त्यो जागचा हलायचा न्हाई."

हे मी एका कानानं ऐकलं आणि दुसऱ्यानं सोडून दिलं, कारण माझं लक्ष दुसरीकडे होतं. दर गुरुवारी सकाळी भाऊ इस्त्रीचा शर्ट घालत, अत्तर लावत, ब्रेड पंच्यात बांधत आणि स्कूटरवरून सुदुंबऱ्याला जात. दुपारी परत. कुणाकडे जाता विचारलं, की पंखा. एवढा खटाटोप कशाला, दुकानातून आणा ना, म्हटलं तर म्हणत, "तितं मैदा चालत न्हाई." तितं म्हणजे कुठं? पुन्हा पंखा. एवढं माझ्यासारख्या बाईला पुरेसं आहे. किराणा दुकानात मी तीन गुरुवार ओळीनं सांगितलं, "बायको पनवेलला, भाऊ सुदुंबऱ्याला, आणि ब्रेड कसा, तर जिभेनं विरघळणारा. काय ते समजून घ्या." बायकांनी लगेच समजून घेतलं.

मग तो बुधवार आला. संध्याकाळी आमच्या स्वयंपाकघरातला पंखा ठिणग्या टाकायला लागला. वायरमन म्हणाला, खाली मीटरपाशी जाऊन तुमचा खटका पाडा. तिथले नंबर पुसट झालेले. मी आत्मविश्वासानं एक खटका पाडला. वर आले तर आमची लाइट चालूच. पुन्हा खाली जाऊन दुसरा पाडला, तो आमचा निघाला. पंखा दुरुस्त झाला, मी आमचा खटका वर केला आणि पहिला तसाच विसरले.

पाऊण तासानं, खाली पडलेला खटका बघून आणि वायरमनला विचारून, भाऊ दारात आले. हातात मशीनचं भांडं, त्यात मधोमध खचलेली पिठाची वडी. वर स्टुलावर बसून ते स्विच राखत होते आणि मी खालून त्यांची लाइन कापली होती. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाले, "परमिट न घेता खटका पाडला व्हय, वहिनी?"

मी माफी मागितली, बाजारातून ब्रेड आणून देते म्हणाले, काय काय बोलले. ते जिन्याच्या पायरीवर बसले. "उद्या गुरवार. त्यो वाट बघतोय. हप्त्याला येकदाच च्या घेतो त्यो, ह्या ब्रेडसंगं. न्हाईतर च्या सोडलाच हाय."

त्यो! म्हणजे पुरुष. माझी तीन आठवड्यांची मेहनत वाया गेली, हे मला त्याही परिस्थितीत जाणवलं, आणि जाणवल्याची लाजही वाटली.

गुरुवारी पहाटे साडेपाचला त्यांनी नव्यानं पीठ टाकलं. मी माझं स्टूल घेतलं आणि खाली मीटरपाशी जाऊन बसले. पत्र्याची पाटी मागून घेतली होती, ती मांडीवर. दूधवाला आला, पेपरवाला आला, फिरायला जाणारे आले. प्रत्येकानं पाटी वाचली, मग माझ्याकडे पाहिलं. नऊ वाजून दहा मिनिटांनी वरून आवाज आला, "लाइन क्लिअर, वहिनी!" आणि मी उठले तेव्हा दोन्ही पायांना मुंग्या आल्या होत्या.

आता नवी अडचण. गरम ब्रेड बांधून नेला तर घाम सुटून चिकट होतो. गार व्हायला वेळ नाही. कुणीतरी तो उघडा मांडीवर धरून बसायला हवं. अख्खी सोसायटी गॅलरीत उभी असताना मी मुलाणीभाऊंच्या स्कूटरवर मागे बसले आणि आम्ही सुदुंबऱ्याला निघालो. त्या दिवशी किराणा दुकानात काय बोलणं झालं, ते मला कुणी सांगितलेलं नाही आणि मी विचारलेलं नाही.

तळेगाव मागे पडलं, इंदोरी आली. कंटेनर अंगावरून जात होते आणि माझ्या मांडीवर तो ब्रेड एखाद्या तान्ह्या पोरासारखा गरम. पोचलो ते एका स्वच्छ सारवलेल्या अंगणात. खुर्चीवर एक हाडापेराचा म्हातारा बसला होता. इस्त्रीचा शर्ट, केस चापून बसवलेले. एका बाजूला अंग कललेलं. म्हणजे दोघंही गुरुवारी नटून बसत होते.

"उशीर केलास, हुसेन," तो जड जिभेनं म्हणाला.

"लाइन गेलती, गायकवाड."

"तुजी?" आणि तो असा हसला, की त्याचं सगळं अंग हललं.

सुनेनं चहा आणला. भाऊंनी ब्रेड कापला. तळाला मशीनच्या पात्याचं भोक असतं, तो तुकडा स्वतःला ठेवला आणि मधली स्लाइस गायकवाडांपुढे केली. सून मला हळूच म्हणाली, "भरवू देत न्हाईत कुणाला. लकवा झाल्यापासनं हात कापतो. पाव्हण्यांसमोर पाव तुटून अंगावर पडला, त्या दिवसापासनं च्याचा कप लांब सारत्यात. ह्यो भाऊंचा ब्रेड तेवडा घेत्यात."

गायकवाडांनी चहा निम्मा गार होईपर्यंत वाट पाहिली. मग स्लाइस बुडवली आणि हात उचलला. भाऊ लगेच तोंड फिरवून रस्त्यावरच्या खांबाकडे बघायला लागले, जणू तारेत काही बिघाड आहे. पण त्यांचे ओठ हलत होते. मग मीही मोजायला लागले. हात थरथरत वर येत होता, मधे थांबत होता, पुन्हा निघत होता. सात. आठ. दहा. अकरा झाले आणि हात अजून हनुवटीपाशीच होता. बारा. तुकड्याचं टोक खाली लवलं. तेराला तो तोंडात गेला.

गायकवाडांनी डोळे मिटले. ओठ मिटून घोळवत राहिले. शर्टावर एक थेंबसुद्धा पडला नव्हता.

"जमलाय," ते म्हणाले.

"न जमून सांगतोय कुनाला," भाऊ खांबाकडे बघतच म्हणाले.

येताना इंदोरीच्या पुलावर भाऊंनी स्कूटर कडेला घेतली. खाली इंद्रायणी संथ वाहत होती. ते पाण्याकडे बघत राहिले. इथं बघायला पंखाही नव्हता.

"वहिनी, तेरा झालं, न्हाई?"

"हो."

"मागच्या गुरवारी अकराच व्हतं. हात आनखी हळू झाला त्याचा."

मला रडू आलं. मी ते पदरानं पुसलं, लपवलं नाही. किती महिने हा माणूस आमच्या दारोदार हिंडून एका मित्राचा मान मोजत होता, आणि आम्ही आपले कप लपवत होतो.

शुक्रवारी चारला बेल वाजली. मी अर्धा प्यायलेला माझा कप ओट्यावरून आणून टेबलाच्या मधोमध ठेवला आणि दार उघडलं. भाऊंनी स्लाइस बुडवली. या वेळी मी मोजलं, मोठ्यानं. अकराला टिकला. बाराला लवला. तेराच्या आत तुटून कपात पडला.

"ट्रिप झाला," भाऊ म्हणाले आणि डबा बंद करून निघाले.

"थांबा, भाऊ," मी म्हटलं. चमच्यानं लगदा बाजूला काढला आणि पुन्हा चहाचं आधण ठेवलं. "उद्या पीठ जरा जास्त वेळ भिजवून बघू. अजून बुधवारपर्यंत वेळ आहे आपल्याकडे."