हिंगोलीत आसरा

भागवतनं कादंबरीचं नाव ठेवलं ‘हिंगोलीत आसरा’, आणि तिथंच घोळ झाला.

आसरा म्हणजे पाण्यातल्या सात जणी, आपल्याकडच्या पऱ्याच. गावोगावच्या विहिरी आटल्या तशा त्या शहरात आल्या आणि माणसांत लपून राहू लागल्या, अशी गोष्ट. एक स्टँडवर माईकवरून गाड्या पुकारते, म्हणून तिचं बोलणं कुणाला कळत नाही. एक हळदीच्या मार्केटात पोती शिवते. भागवतनं तीन वर्षं खपून लिहिलेली. वडील उकंडरावांनी त्यांच्या पीठगिरणीतून एवढंच सांगितलं होतं, "एका माणसानं तरी शेवटपस्तोर वाचलं, तर लिही फुडं. न्हाई तर गिरणीवर बस."

म्हणून त्यानं शंभर प्रती छापून घेतल्या आणि बाजाराच्या दिवशी पत्रकं वाटली. ‘हिंगोलीत आसरा. एकूण सात. भेटा : उकंडरावांची गिरणी.’

दुसऱ्या दिवशी सकाळीच गिरणीपुढं ही रांग. प्रत्येकाच्या हातात रेशनकार्डाची झेरॉक्स.

सगळ्यात पुढं तांड्यावरच्या मोतीबाई. "घरकुलाचा फारम हितंच भेटते ना, बापू?"

"घरकुल न्हाई मावशी, आसरा हाय."

"तेच म्हणून राहिले. आसराच पायजे. पत्र्याखाली किती दिस काढावं माणसानं?"

"तसं न्हाई. सात जणी हायत त्या. कुणाला दिसत न्हाईत."

मोतीबाई रांगेकडं वळल्या. "ऐकलं का? सातच घरं, आन् सात बायांच्या नावावर झाले बी."

"कोणाच्या बाया?" मागून लालसिंग ओरडला. "नावं वाच की."

"नावं पुस्तकात हायत," भागवत बोलून गेला.

झालं. घटकाभरात शंभरच्या शंभर प्रती उठल्या.

दुपारी लालसिंगनं पुस्तक उघडलं. पहिल्याच पानावर विहीर, विहिरीत सात बाया. त्यानं चप्पल काढली आणि पुस्तक मिटलं. संध्याकाळपर्यंत गावभर झालं की ह्या पाण्यातल्या आहेत.

भागवतनं आशेनं मोतीबाईंना गाठलं. "वाचलं का मावशी?"

"वाचायचं असते व्हय? आमी त्यांचं नाव बी घेत न्हाई. नारळ फोडला आन् फडक्यात बांधून ठिवलं देवापाशी."

शंभर घरं, शंभर फडकी, वाचक एक नाही. उकंडराव म्हणाले, "जुना सदरा घालून ये. पीठ उडते."

चौथ्या दिवशी भागवत जुना सदरा घालून दळण टाकत होता, तेव्हा लुनावरून कचेरीतले कारकून वसराम आले. काखेत तेच पुस्तक, जागोजाग चिठ्ठ्या खोचलेल्या.

"ही योजना तुमीच काढली का? पान अडुसष्ट. सहावी पाण्याच्या टाकीत राहाते. परवानगी कोणाची?"

भागवतच्या हातातलं माप तसंच राहिलं. "सायब, तुमी अडुसष्टपस्तोर वाचलं?"

"शेवटपस्तोर वाचलं. दोनदा. चौकशी हाय, वाचा लागते." वसरामांनी इकडंतिकडं पाहिलं आणि आवाज उतरवला. "एक मुद्दा ऱ्हायला. सातवी कुठं राहाते, ते लिहिलं न्हाई तुमी."

"मुद्दाम सोडलं, सायब."

"असं सोडता येत न्हाई. दोन दिवस झाले, जेवणात ध्यान न्हाई माझं. आठ दिवसांत लेखी खुलासा द्या. सविस्तर."

लुना गेली. भागवतनं अंगावरचं पीठ झटकलं आणि सदरा काढून खुंटीला अडकवला.

"आबा, गिरणी तुमीच बघा आता. सरकारनं दुसरा भाग मागितला."